चढती भाजणी

२००१ साली आलेल्या ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ या चित्रपटात शेवटाकडे एक प्रसंग आहे. काळ्या होंडा सिव्हिक गाड्या घेऊन एक टोळी हायवेवर धावता ट्रक लुटायला निघते. माल कसला, तर डीव्हीडी प्लेअर आणि तसलेच इलेक्ट्रॉनिक सामान. आधीच्या ट्रकवाल्यांनी मुकाट्याने माल जाऊ दिला होता. हा देत नाही. याच्याकडे बंदूक आहे. टोळीतला व्हिन्स ट्रकवर उडी घेतो, त्याचा हात तारेत अडकतो, ट्रकवाला गाडी हाकता हाकता काडतूस भरतो आणि गोळी झाडतो. भरधाव गाड्यांचे ते सगळे बहाद्दर क्षणात हवालदिल होतात. व्हिन्सला वाचवायचे तर हेलिकॉप्टर हवे, आणि ते मागवण्यासाठी टोळीत नाव बदलून शिरलेल्या ब्रायनला आपण पोलीस असल्याचे सगळ्यांदेखत कबूल करावे लागते. नाव नसलेल्या एका ट्रकवाल्याने टोळीचा धंदा, मैत्री आणि विश्वास तिन्ही मोडून टाकले.

वीस वर्षांनी, २०२१ मध्ये, याच मालिकेच्या नवव्या भागात टोळीतले दोघे जुन्या पॉन्टिअ‍ॅक फिएरोला रॉकेट बांधून अंतराळात जातात, एका उपग्रहाला धडक देतात आणि सुखरूप परत येतात. त्याच चित्रपटात त्यांच्यातल्या एकाला शंका येते: इतक्या गोळ्या, इतके स्फोट, आणि अंगावर ओरखडा नाही, आपण अमर तर नाही ना? प्रेक्षक हसतात. संवाद हसण्यासाठीच लिहिला आहे, पण पटकथाकारांनी दिलेला कबुलीजबाबही तोच आहे. पहिल्या भागाचा खर्च सुमारे ३.८ कोटी डॉलर होता. २०२३ च्या दहाव्या भागाचा सुमारे ३४ कोटी. मधल्या काळात ट्रकवाले मालिकेतून नाहीसे झाले.

मालिका लांबली की पराक्रम फुगतो. याचे एक उत्तर तयारच असते: निर्मात्यांची हाव. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. लांबलेल्या चित्रपटमालिका ओळीने मांडून पाहिल्या की दुसरेच काही दिसू लागते. नायकाची ताकद वाढवणे कोणालाही जमते, त्याला पैसा पुरतो. मालिका जगणार की नुसती लांबणार हे ठरते ते त्याच्याकडून काही काढून घेण्याची तिची तयारी आहे का, यावर. धंदा बसला की ही तयारी आपोआप होते, असेही नाही. ज्यांची ती झाली, त्यांची ती बहुधा गल्ला भरलेला असतानाच झाली.

सुपरमॅनपासून सुरुवात करू. १९३८ साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात तो अवतरला तेव्हा त्याला उडता येत नव्हते. एका उडीत तो सुमारे २०० मीटर जाई, वेगवान आगगाडीला मागे टाकी, आणि त्याची कातडी भेदायला तोफगोळा लागे. ताकद अफाट होती, पण तिला माप होते. १९४१ मध्ये फ्लायशर बंधूंच्या स्टुडिओने त्याच्यावर कार्टूनपट काढायला घेतले. कागदावरच्या चौकटीत उडी शोभून दिसते. हलत्या चित्रात सारख्या उड्या मारणारा नायक हास्यास्पद वाटू लागला. म्हणून त्याला सरळ उडवले. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध उड्डाणाचे मूळ चित्रकारांच्या सोयीत आहे. दोनच वर्षांनी, १९४३ मध्ये, त्याच्या रेडिओ मालिकेत क्रिप्टोनाइट आले: त्याच्याच ग्रहाचा तुकडा, ज्याच्या नुसत्या जवळ असण्याने त्याचे बळ जाते. यातला क्रम पाहण्यासारखा आहे. आधी शक्ती वाढली. मग लेखकांच्या ध्यानात आले की याला आता कोणी हरवू शकत नाही आणि गोष्ट तर रोज सांगायची आहे. तेव्हा दुबळेपणा शोधून आणावा लागला.

पडद्यावर तेच पुन्हा घडले. १९७८ च्या ‘सुपरमॅन’मध्ये क्रिस्तोफर रीव्हचा नायक मेलेल्या प्रेयसीला, लोइसला, परत आणण्यासाठी पृथ्वीभोवती घिरट्या घालून काळच मागे फिरवतो. काळ ज्याच्या मुठीत, त्याला पुढच्या भागात भीती कशाची घालणार? १९८० च्या दुसऱ्या भागाने शहाणपणा केला. तिथे तो प्रेमासाठी शक्ती सोडतो, रस्त्याकडेच्या खानावळीत जातो आणि एका दांडगट ट्रकवाल्याकडून मार खातो. तोंडावरून हात फिरवतो तर हाताला रक्त. ते त्याने पूर्वी कधी पाहिलेलेच नसते. पुढे तिघा महाबलींशी त्याची जी लढाई होते, तिची गोडी या रक्तामुळे आहे.

या चढउतारांचा सगळ्यात लांब इतिहास जेम्स बाँडचा. १९६२ च्या ‘डॉ. नो’चा खर्च दहा लाख डॉलरच्या आसपास होता. त्यात रात्री बाँडच्या अंथरुणात एक विषारी कोळी सोडला जातो आणि तो अंगावरून सरकेपर्यंत शॉन कॉनरी घामाने निथळत निश्चल पडून राहतो. एवढ्या भांडवलावर थरार उभा राहिला. पुढच्या वर्षी आगगाडीच्या अरुंद डब्यातली मारामारी आली. १९६४ मध्ये शेजारी बसलेल्याला छतातून बाहेर फेकणारी अ‍ॅस्टन मार्टिन, १९६५ मध्ये पाठीवर बांधायचे जेटपॅक. १९६७ च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’साठी केन अ‍ॅडम यांनी इंग्लंडमधल्या पाइनवुड स्टुडिओत पोकळ ज्वालामुखीचा सेट उभारला, त्याच्या पोटात रॉकेटचा तळ. त्या एका सेटला जवळजवळ ‘डॉ. नो’च्या अख्ख्या खर्चाइतके पैसे लागले. कोळ्यापासून ज्वालामुखीपर्यंत यायला पाच वर्षे पुरली.

१९६९ मध्ये मालिकेने एकदा पाऊल मागे घेतले. जॉर्ज लेझनबीच्या बाँडने लग्न केले आणि लग्नाच्याच दिवशी गाडीत शेजारी बसलेली त्याची बायको गोळीला बळी पडली. मात्र १९७१ मध्ये कॉनरी परतला, आकाशात हिऱ्यांचा लेसर असलेला उपग्रह आला आणि ते दुःख मागे पडले. १९७७ च्या ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’च्या अखेरीस पुढचा चित्रपट ‘फॉर युअर आइज ओन्ली’ असेल अशी घोषणा होती. त्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’ आला. निर्मात्यांनी बेत बदलला आणि १९७९ मध्ये ‘मूनरेकर’ काढून बाँडला अंतराळात धाडले. कमाईत त्याने आधीच्या सगळ्या बाँडपटांना मागे टाकले, आणि त्याला मागे टाकायला पुढे १९९५ चा ‘गोल्डनआय’ यावा लागला.

इतके यश मिळाल्यावर कोणताही हिशेबी माणूस बाँडला पुढच्या खेपेस मंगळावर पाठवील. निर्माते अल्बर्ट ब्रोकोली यांनी नेमके उलटे केले. संकलन करत वर आलेल्या जॉन ग्लेन यांच्याकडे दिग्दर्शन सोपवून १९८१ मध्ये त्यांनी रखडलेला ‘फॉर युअर आइज ओन्ली’ काढला. त्यात बाँडची सज्ज लोटस गाडी सुरुवातीलाच स्फोटात उडते, आणि पाठलागाच्या वेळी त्याला नायिकेच्या पिवळ्या सित्रोएन टूसीव्हीत बसावे लागते. ती गाडी उलटते, तर गावकरी येऊन तिला सरळ करतात. शेवटी ग्रीसमधल्या मेटेओराच्या उभ्या कड्यावर बाँड दोराला लोंबकळतो आहे, वरून शत्रूचा माणूस खिळे ठोकून काढतो आहे, आणि बाँड बुटांच्या नाड्या सोडून त्यांच्या गाठी दोराला मारत एकेक वीत वर सरकतो. अंतराळयानाच्या जागी बुटाची नाडी. तरी प्रेक्षक श्वास रोखून पाहतात, कारण दोर तुटला तर माणूस पडतो हे प्रत्येकाला कळते.

हेच वर्तुळ दुसऱ्यांदा फिरले. २००२ च्या ‘डाय अनदर डे’मध्ये अदृश्य होणारी गाडी आली, आणि संगणकाने रंगवलेल्या अजस्र लाटेवर बाँड फळीवर उभा राहून तरंगला. गल्ला भरपूर जमला, त्या काळापर्यंतच्या बाँडपटांतला सर्वाधिक. त्याच वर्षी आलेला ‘द बोर्न आयडेंटिटी’ मात्र कमी साधनांत जास्त पटत होता. २००६ मध्ये ‘कसिनो रोयाल’मधून डॅनियल क्रेगचा बाँड आला. सुरुवातीच्या पाठलागात पळणारा गुन्हेगार भिंतीतल्या अरुंद फटीतून अलगद निसटतो. मागून येणारा बाँड भिंतच फोडून बाहेर पडतो. एका दृश्यात नायकाचा स्वभाव, ताकद आणि मर्यादा सांगून झाली. याचे रक्त वाहते, सदरा बदलावा लागतो, विषाने हृदय बंद पडते. आणि २०२१ च्या ‘नो टाइम टू डाय’मध्ये, मालिका सुरू झाल्यापासून ५९ वर्षांनी, बाँड मरतो. म्हणजे दोनदा शिखर गाठले आणि दोन्ही वेळा गल्ला भरलेला असताना माघार घेतली. बाँड सहा दशके टिकला त्याची कारणे पुष्कळ आहेत, पण वेळेवर खाली उतरता येणे हे त्यातले पहिले.

उतरणे ज्यांना जमले नाही त्यांचे काय होते, ते ‘रॅम्बो’ सांगतो. डेव्हिड मॉरेल यांच्या १९७२ च्या कादंबरीवरून १९८२ मध्ये ‘फर्स्ट ब्लड’ आला. व्हिएतनामहून परतलेला एक सैनिक जुन्या सोबत्याला शोधत येतो, तर तो सोबती युद्धातल्या रसायनांमुळे झालेल्या कर्करोगाने गेलेला असतो. पुढच्या गावचा शेरीफ या फिरस्त्याला हद्दीबाहेर हाकलतो, तो परत येतो, त्याला कोठडीत छळतात आणि तो जंगलात पळतो. जखमी हात तो स्वतःच सुईदोऱ्याने शिवतो. सगळ्या चित्रपटात एकच माणूस मरतो, तोही हेलिकॉप्टरमधून पडून. शेवटी रॅम्बो आपल्या जुन्या कर्नलच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडतो. कादंबरीत तो मरतो. चित्रपटासाठीही तसा शेवट चित्रित झाला होता, पण चाचणी खेळांना आलेल्या प्रेक्षकांना तो रुचला नाही म्हणून बदलला.

तो जगला आणि तिथून गडबड झाली. १९८५ च्या दुसऱ्या भागात तोच माणूस व्हिएतनामात परत जाऊन हरलेले युद्ध एकट्याने जिंकतो. त्या वर्षी ओलीस सुटल्यावर अध्यक्ष रेगन यांनी, काल ‘रॅम्बो’ पाहिला, पुढच्या वेळी काय करायचे ते कळले, अशा अर्थाचा विनोद केला होता. १९८८ चा तिसरा भाग अफगाणिस्तानात घडतो. त्यात रॅम्बो सोव्हिएत फौजेला भिडतो. अमेरिकेत तो मेअखेरीस झळकला, आणि त्याच महिन्यात सोव्हिएत फौजांची माघार सुरू झाली होती. इतिहास नायकाच्या पुढे निघून गेला. नुसते बळ वाढले असते तर एक वेळ चालले असते, इथे माणूसच बदलला. युद्धाने मोडलेल्या सैनिकाची कैफियत होती, तिची युद्धाची जाहिरात झाली, आणि या बदलाला कोणाच्या कटाची गरज पडली नाही. प्रत्येक भागात थोडे अधिक, एवढ्या एका नियमाने ते काम केले.

‘डाय हार्ड’ची कथा थोडक्यात अशीच. १९८८ मध्ये जॉन मॅक्लेन अनवाणी होता. प्रवासाचा शीण घालवायला बूटमोजे काढून गालिच्यावर पायाची बोटे दाबत चाल, असा सल्ला त्याला विमानातल्या सहप्रवाशाने दिलेला असतो. मग हल्लेखोर येतात, काचा फुटतात, आणि पोलीस अधिकारी न्हाणीघरात बसून तळव्यातून काचा उपसत वायरलेसवर बोलत राहतो. २००७ च्या चौथ्या भागात हाच मॅक्लेन मोटार उडवून हेलिकॉप्टर पाडतो आणि लढाऊ विमानाच्या पाठीवर उतरतो. आज लोकांना आठवतात ते तळवे. विमान कोणते होते ते आठवायला डोके खाजवावे लागते.

हा प्रकार माणसांपुरताच नाही. जपानमधल्या तोहो कंपनीचा गॉडझिला १९५४ मध्ये ५० मीटर उंच होता. टोकियोत तेव्हा इमारतींना ३१ मीटरची मर्यादा होती, त्यामुळे ५० मीटरचा राक्षस कुठूनही दिसे. त्याच वर्षी बिकिनी बेटाजवळच्या अमेरिकन हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीत एका जपानी मासेमारी बोटीवर किरणोत्सारी राख पडली होती. इशिरो होंडा यांच्या गॉडझिलामागे ही ताजी जखम होती. मालिका लांबली तसा तो निवळला. १९६४ पर्यंत तो पृथ्वीचा रक्षक झाला, पुढे पोरांचा लाडका. १९७५ च्या भागाकडे प्रेक्षकांनी पाठ फिरवली आणि मालिका थांबली. १९८४ मध्ये तो परतला तेव्हा शहर वाढले होते. शिंजुकूच्या गगनचुंबी इमारतींपुढे ५० मीटर खुजे दिसले असते, म्हणून त्याला ८० मीटर केले. १९९१ मध्ये टोकियोचे २४३ मीटरचे नवे प्रशासकीय भवन खुले झाले, आणि त्याच वर्षीच्या चित्रपटात १०० मीटरच्या गॉडझिलाने ते पाडले. अमेरिकेत २०१४ मध्ये तो १०८ मीटरचा झाला, २०१९ मध्ये जवळजवळ १२०. जपानी अ‍ॅनिमेशनमध्ये तर ३०० मीटरचा गॉडझिलाही येऊन गेला. शहर आणि राक्षस यांनी एकमेकांशी उंचीची पैज लावली होती, आणि भीती त्यात कुठेच नव्हती.

२०२३ मध्ये ताकाशी यामाझाकी यांनी ‘गॉडझिला मायनस वन’ काढला. काळ महायुद्ध संपल्यानंतरचा, टोकियो आधीच जळून बेचिराख. गॉडझिला पुन्हा ५० मीटरचा. नायक आत्मघाती हल्ल्यातून कच खाऊन परतलेला वैमानिक, आणि देशाकडे फौज नाही म्हणून जुन्या बोटी घेऊन निघालेले सामान्य नागरिक. हॉलिवूडच्या तुलनेत किरकोळ खर्चात आणि मूठभर तंत्रज्ञांकडून झालेल्या या चित्रपटाला २०२४ मध्ये दृश्य परिणामांचे ऑस्कर मिळाले. राक्षस लहान केला आणि समोरचा माणूस हतबल केला, तेव्हा सत्तर वर्षांपूर्वीची धडकी परत आली.

यावर कोणी म्हणेल, मग काय, नायकाने आयुष्यभर कोळीच मारत बसायचे? तसे नाही. चढण हाही आनंदच आहे आणि प्रेक्षक त्यासाठी पैसे मोजतात यात गैर काही नाही. ‘फास्ट’चीच मालिका पाहा. २००६ च्या तिसऱ्या भागापर्यंत ती विझत चालली होती. २०११ च्या पाचव्या भागाने तिला रस्त्यावरच्या शर्यतींतून काढून दरोड्याच्या गोष्टीत आणले. रिओच्या रस्त्यांवरून दोन गाड्या एक प्रचंड तिजोरी फरफटत नेतात. चित्रीकरणात खऱ्या गाड्या आणि खरीखुरी जड पेटी वापरली होती, आणि ते वजन पडद्यावर जाणवते. पण त्याच भागात व्हिन्सही मरतो, दहा वर्षांपूर्वी ट्रकच्या तारेत हात अडकलेला तोच. मालिका तिथे सगळ्यात उंच चढली होती आणि किंमतही मोजत होती. नंतर किंमत बंद झाली. मेलेली माणसे पुढच्या भागात परत येऊ लागली. चढण राहिली, दम लागणे गेले.

चढणीला पूर्वी एक नैसर्गिक छत होते: नटाचे शरीर. मुंबईत वाडिया बंधूंनी १९३५ साली ‘हंटरवाली’ काढला आणि पर्थमध्ये जन्मलेली मेरी इव्हान्स ‘फिअरलेस नादिया’ झाली. परळच्या लवजी कॅसलमध्ये त्यांचा वाडिया मूव्हिटोन स्टुडिओ होता. पुढे त्याच जागेत शांतारामबापूंचे राजकमल कलामंदिर उभे राहिले. नादिया डुप्लिकेट न घेता स्टंट करी. धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी, खांद्यावर आडवा उचललेला पुरुष, पिंजऱ्याबाहेरचे सिंह, सगळे खरे. १९४३ मध्ये ‘हंटरवाली की बेटी’ आला. आपल्याकडच्या सिक्वेलचे हे फार जुने उदाहरण. त्या काळीही दर चित्रपटात काही नवे हवेच असे, पण मागणी कितीही असो, नादियाच्या खांद्यांना जेवढे पेले तेवढेच पडद्यावर येई. संगणकाने हे छत काढून टाकले. आज ते मुद्दाम डोक्यावर ठेवणारा मोठा नट एकच, टॉम क्रूझ. त्याच्या ‘मिशन: इम्पॉसिबल’ची चढण कोणाहून कमी नाही: २०११ मध्ये दुबईचा बुर्ज खलिफा, २०१५ मध्ये उडणाऱ्या मालवाहू विमानाचे दार, २०२३ मध्ये नॉर्वेतल्या कड्यावरून मोटरसायकलसह उडी. पण सहाव्या भागाच्या चित्रीकरणात लंडनमध्ये एका छतावरून दुसऱ्यावर झेपावताना त्याचा घोटा मोडला, आणि तो शॉट चित्रपटात तसाच ठेवला आहे. लंगडत पुढे जाणारा तो माणूस त्या मालिकेची सगळी विश्वासार्हता एका पायावर पेलतो.

शक्ती कशी काढून घ्यायची याचा वस्तुपाठ आपल्या महाभारतात आहे. मौसलपर्वात अर्जुन द्वारकेतल्या स्त्रियांना आणि मुलांना घेऊन निघतो. वाटेत आभीर चालून येतात, हातात काठ्या घेतलेले लुटारू. कुरुक्षेत्र जिंकणाऱ्या अर्जुनाला गांडिवाला प्रत्यंचा चढवताना कष्ट पडतात, अस्त्रे आठवत नाहीत, भाते रिकामे होतात. त्याच्या डोळ्यांदेखत लुटारू स्त्रियांना ओढून नेतात. दिव्यास्त्रांची गणती करत आलेल्या कथेने शेवटी काठ्यांपुढे त्यांची किंमत शून्य करून दाखवली आणि मगच पांडवांना हिमालयाच्या वाटेला लावले. चित्रपटात याच्या जवळ जाणारे उदाहरण २०१७ च्या ‘लोगन’चे. २००० सालापासून ह्यू जॅकमनने रंगवलेला वूल्व्हरीन इथे म्हातारा आहे, जखमा लवकर भरत नाहीत, वाचायला चष्मा लागतो, आणि तो मरतो. मालिकेला शेवट मिळाला. बाजाराला मात्र शेवट मानवत नाही. २०२४ च्या ‘डेडपूल अँड वूल्व्हरीन’च्या सुरुवातीलाच डेडपूल त्याची कबर उकरतो आणि धातू मढवलेल्या हाडांची हत्यारे करून लढतो. जॅकमन दुसऱ्या विश्वातला वूल्व्हरीन होऊन परत येतो, आणि चित्रपट एक अब्ज डॉलरच्या वर कमावतो.

आपल्याकडची चढण जरा वेगळ्या जातीची आहे, आणि तिचे उत्तम उदाहरण एका मराठी नायकाचेच आहे. ‘सिंघम’ आला २०११ मध्ये, २०१० च्या तमिळ ‘सिंगम’वरून. चित्रपट सुरू होतो तो गोव्यातल्या एका सचोटीच्या पोलीस अधिकाऱ्याच्या आत्महत्येने. खोट्या आरोपाने त्याला संपवलेले असते. शिवगडचा इन्स्पेक्टर बाजीराव सिंघम आणि गोव्यातला गुंड जयकांत शिक्रे यांची गाठ कशावरून पडते? जामिनाच्या अटीवरून. शिक्रेने शिवगडच्या ठाण्यात सहीला हजर राहायचे असते. तो आपला माणूस धाडतो, सिंघम म्हणतो, सही ज्याची त्यानेच करायची. सगळा संघर्ष पोलीस ठाण्यातल्या एका सहीतून पेटतो. शिक्रेही उत्तर देतो ते बंदुकीने नव्हे. तो वर वजन वापरतो आणि सिंघमची बदली गोव्यात कोलव्याला करून घेतो, आपल्या मुलखात. सिंघम हाताने दिव्याचा खांब उपटतो, तेव्हा गुरुत्वाकर्षण पहिल्याच भागात सुटीवर गेलेले होते हे मान्य. पण हा खांब उपटणारा माणूस बदलीच्या हुकमापुढे मान तुकवतो, कोलव्यात त्याची पदोपदी मानहानी होते, आणि एका टप्प्यावर तो सामान बांधून गावी निघण्याच्या बेताला येतो.

२०१४ च्या दुसऱ्या भागात तो मुंबईत मोठा अधिकारी झाला. मग त्याच्या जगात २०१८ ला सिम्बा आला, २०२१ ला सूर्यवंशी, आणि २०२४ च्या ‘सिंघम अगेन’मध्ये सगळे जमले: रामायणाचे कथानक, पळवलेली बायको, श्रीलंकेवर स्वारी, आणि अर्धा डझन तारे एकामागून एक एन्ट्री घेताना. हॉलिवूड नायकाला उंच करते, आपण त्याच्याभोवती नायकांची संख्या वाढवतो आणि वर पुराणाचे छत्र धरतो. ‘कोई… मिल गया’तल्या भाबड्या रोहितपासून ‘क्रिश ३’पर्यंतचा प्रवास अमेरिकन वळणाचा आहे, ‘सिंघम’चा अस्सल इथला. त्यात एक धोका आहे. शत्रू एकदा रावण ठरला की नायकाची जीत आधीच ठरते. जयकांत शिक्रे जिंकू शकला असता, कारण तसे शिक्रे जिंकताना आपण रोज पाहतो. लंकेतला खलनायक जिंकेल असे कोणालाही क्षणभर वाटत नाही.

लांबलेल्या मालिकांच्या या सगळ्या इतिहासातून निघणारा सल्ला फार साधा आहे. पुढचा भाग लिहायला बसताना नायकाला आणखी काय द्यायचे ही यादी बाजूला ठेवावी आणि त्याच्याकडे गमावण्यासारखे काय उरले आहे ते आधी पाहावे. बाँडच्या निर्मात्यांनी दोनदा ते पाहिले, गॉडझिलाच्या निर्मात्यांना सत्तर वर्षांनी सुचले, रॅम्बोच्या निर्मात्यांना मालिका ऐन भरात असताना सुचलेच नाही. आपल्याकडे तर उत्तर शोधायला दूर जायलाही नको. बाजीराव सिंघमला पुढच्या भागात आणखी एक देश जिंकायला देऊ नका. त्याच्या हातात बदलीचा एक हुकूम ठेवा.